मागुरांच्या रांजणातली वाम

माझ्या लग्नात दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी कुळ पाहिलं, गोत्र पाहिलं, मुलाची शेती पाहिली, माझा रंग तर उन्हात उभं करून पाहिला. तुम्ही मासा कोणता खाता, एवढं मात्र कोणी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर हे लग्न झालंच नसतं, असं मी अजूनही म्हणते. माझं माहेर मागुराला नाक मुरडणारं आणि सासर वामेचं नाव काढलं की थुंकणारं.

माहेर राजुऱ्याजवळ, वर्धा नदीच्या काठावर. काळी जमीन, कापूस, ज्वारी. पन्नासनंतरची ती वर्षं, आमचा मुलूख अजून हैद्राबादेत मोडायचा. त्यामुळे सासरी मी पहिली चार वर्षं 'मोगलाईतली पोरगी' होते. सासर आरमोरीपासून आत, जंगलाच्या कडेला. तिथं जिकडेतिकडे धान. नदी गावापासून लांब, पण पाणी जागोजागी साठवलेलं. प्रत्येक शेताच्या डोक्याला बांध घालून अडवलेलं एक लहानसं तळं असायचं. त्याला तिकडे बोडी म्हणतात. पाऊस कमी पडला की बोडी फोडून धानाला पाणी द्यायचं, आणि फाल्गुन-चैतात बोडी आटली की तिच्या चिखलातून मागूर काढायचे.

लग्नाच्या पंगतीनंतर पान खाताना माझ्या सासऱ्यांनी बापाला छेडलं, "इवाई, तुमी साप खाता म्हनते, खरं हाय काय?" इवाई म्हणजे व्याही.

बाप कमी नव्हता. म्हणाला, "अन तुमी चिखल खाता म्हनते."

मंडळी हसली. हे दोघंही हसले, पण दोघांनाही ते लागलं होतं. पुढं जेव्हा जेव्हा भेटले तेव्हा गाडी माशावर आलीच.

आता दोन्ही मासे मी हाताने साफ केलेले आहेत, म्हणून सांगते. मागूर दिसायला देखणा नाहीच. चपटं डोकं, कुणी पाय दिल्यासारखं. काळं अंग, खवल्याचा पत्ता नाही, आणि तोंडाभोवती मिशा. कल्ल्यांमागच्या परांमध्ये दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, तो टोचला की हात कोपरापर्यंत ठणकतो. पण जीव असा चिवट की पाणी आटलं तरी चिखलात पडून राहील, रांजणात घातला तर महिना काढील. आत बारीक काटे जवळजवळ नाहीतच. मांस इतकं मऊ की दात नसलेल्या म्हाताऱ्यालाही चालतं, आणि म्हणूनच आजाऱ्याला, बाळंतिणीला तिकडे मागूरच देतात. अंगात रक्त भरतं म्हणतात.

वामेचं सगळं उलट. लांबलचक, मातकट, पाठीवर नक्षी काढल्यासारखे पट्टे, तोंड सुईसारखं निमुळतं. दगडाच्या कपारीत बसते. पाठीवर बारीक काट्यांची ओळ असते, आणि अंग असं बुळबुळीत की मुठीत धरली तर मुठीतून जाते. राख लावल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. मांस घट्ट, तुपकट. चिंच आणि लाल मिरची घालून केली तर भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. सापासारखी दिसते हे खरं आहे. पण दिसण्यावर गेलं तर मागूर तरी कुठं खाण्यासारखा दिसतो?

बापाला वामेचा नाद होता. शेतातून परत येताना गळ टाकून बसायचा. माझी आई मी लहान असतानाच गेली, बापाने दुसरं लग्न केलं नाही. मी चुलीपाशी बसायला लागले तेव्हापासून त्याची वाम मीच करत आले. पहिल्यांदा केली तेव्हा चिंच इतकी झाली की दात आंबले. बापाने सगळी खाल्ली आणि म्हणाला, "आता खरी वाम झाली." माझं लग्न होईपर्यंत त्या माणसाने दुसऱ्या कुणाच्या हातची वाम खाल्ली नव्हती.

आणि मग लग्न झालं, आणि माझ्या हातचं खाणंच बंद झालं. आमच्याकडे तेव्हा रिवाज कडक होता. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न घेत नाही, पाणीसुद्धा नाही. बाप दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा शिदोरी बांधून आणली, गावाबाहेर झाडाखाली बसून खाल्ली, दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी प्यायला आणि मग माझ्या अंगणात येऊन बसला. मी समोर उभी. त्याच्या मिशीला भाकरीचा कण लागलेला असायचा, वाळलेल्या, दोन दिवसांच्या भाकरीचा. घरी एकटा स्वतःच थापत असणार. मला त्या रिवाजाचा इतका राग यायचा की काय सांगू. मूल हवं असं सगळ्या सुनांना वाटतं. मला ते आणखी एका कारणासाठी हवं होतं: माझा बाप माझ्या घरी जेवायला बसावा.

मूल लवकर झालं नाही. मग एका वर्षी दिवस गेले. माहेरी बाळंतपण करायला आई नव्हती, म्हणून ते सासरीच ठरलं.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. त्यांचं माहेर कुठंतरी वैनगंगेकडे होतं, पण त्या कधी गेल्या नाहीत आणि कधी त्याचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. सासूला तिच्या माहेराचं विचारायचं असतं हे सुनेला उशिरा सुचतं. आठवा लागला तसे त्यांनी बोडीतले निवडक मागूर आणून सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या मोठ्या रांजणात सोडले. "हे तुह्यासाठी," म्हणाल्या. "कोनी हात लावाचा नाई." रोज सकाळी पाणी बदलायचं. मी बाजेवर पडल्या पडल्या त्या माशांची डुबुक डुबुक ऐकायची.

माघात मुलगा झाला. बापाला सांगावा गेला, आणि बारशाला बाप आला.

त्या काळी राजुऱ्याहून आमच्या गावी यायचं म्हणजे थट्टा नव्हती. बैलगाडी, नाव, चांद्याहून छोट्या लाइनची गाडी वडशापर्यंत, तिथून मोटर, आणि पुन्हा बैलगाडी. बाप घामेजलेला, धुळीने माखलेला आला. एका हातात बाळाचं झबलं-टोपडं, दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा. डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. मी डबा पाहिला आणि समजले.

घरात तेव्हा गडबड होती. सासरे आणि नवरा पत्रावळींच्या मागे, आत्याबाई चुलीपाशी. बाप माझ्या बाजेजवळ वाकला, नातवाला पाहिलं, नाकाला बोट लावलं आणि हळूच म्हणाला, "जित्ती हाय. वाटेनं तीनदा पानी बदललं."

"बा, काऊन आनली?" मी म्हटलं. "इथी कोनी खात नाई तिले."

"त्याइले कोन देऊन राह्यलं? मी खाईन. तुह्या घरचं पयलं जेवन हाय, मंग वामेचं नाई त कायचं?"

असं म्हणून तो डबा घेऊन सांदवाडीत गेला. डब्यात वाम अवघडली होती. त्याला समोर दिसला गार पाण्याचा रांजण. आत्याबाईंनी सकाळीच काठोकाठ भरलेला. बापाने तिला त्यात मोकळं केलं, मागुरांच्या संगतीला, आणि हातपाय धुवायला गेला. नदीवरचा माणूस तो. वाम रांजणात ठेवायची त्याला सवयच नव्हती, मारून लगेच चुलीवर एवढंच माहीत. मागूर तळाशी बसतो. वाम बसत नाही. भरलेल्या रांजणातून वर आली तर ती बाहेर जाणारच.

मी बाजेवरूनच मागच्या दारातून पाहत होते. रांजणाच्या काठावरून एक मातकट दोर खाली उतरला आणि ओल्या जमिनीवरून वळवळत केळीच्या बुडाकडे निघाला.

पहिली ओरडली शेजारीण. मग सगळंच घर ओरडलं. सासरे काठी घेऊन धावले. आलेले पाहुणे, शेजारी, पोरंटोरं सगळी भिंतीला चिकटली. "धामन हाय!" "धामन नाई, नाग हाय!" बाप ओल्या हातांनी तिथंच उभा. काय बोलणार? माझी आहे म्हणाला, तर इवायानं बाळंतिणीच्या रांजणात साप सोडला असं गावभर झालं असतं, आणि सासऱ्यांनी आयुष्यभर ते उगाळलं असतं. नाही बोलला, तर दोन दिवस जिवापाड सांभाळून आणलेली वाम त्याच्या डोळ्यांदेखत ठेचली जात होती. मी बाजेवरून त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मला तेव्हा एवढंच कळत होतं की ही काठी खाली आली की माझा बाप न जेवता जाणार.

काठी वर गेली. तेवढ्यात आत्याबाई चुलीकडून आल्या. नुसत्या आल्या नाहीत, सासरे आणि त्या प्राण्याच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"हात नोको लावू!" त्या कडाडल्या. नवऱ्याला एरवी 'अहो' म्हणणाऱ्या बाई त्या दिवशी अरे-तुरेवर आल्या. "बारशाच्या दिवशी घरी नागोबा आला, अन तू काठी घेऊन राह्यला? लेकराचं बरं पायवत नाई काय तुले?"

सासऱ्यांनी काठी खाली ठेवली. शेजारणीने तर लगेच हात जोडले. आत्याबाईंनी हळद-कुंकू मागवलं, वाटीत दूध मागवलं. केळीच्या बुडाशी ओल्यात पडलेल्या वामेवर हळद-कुंकू वाहिलं. वाम दमली होती, गप पडून होती. लोकांना वाटलं देव पूजा घेतोय. मग आत्याबाईंनी चुलीतली मूठभर राख घेतली, "देवाचा अंगारा" म्हणून तिच्यावर टाकली, आणि तिला ओल्या फडक्यात धरून टोपलीत घातलं, टोपली डोक्यावर घेतली. चालत बोडीवर गेल्या. मागे निम्मं गाव. बोडीत टोपली कलती केली आणि हात जोडून परत आल्या.

मी बाजेवर हसू की रडू करत होते. माझ्या बापाची वाम देव होऊन पाण्यात गेली होती.

बाप ओट्यावर बसला होता. त्याने पागोटं बांधलं, रिकामा डबा जवळ घेतला. म्हणाला, "निघतो म्या. मोटर चुकन."

मोटर संध्याकाळची होती. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तो रागावला नव्हता, तो खजील झाला होता. आणि खजील झालेला माणूस रागावलेल्यापेक्षा घट्ट असतो, त्याला थांबवता येत नाही. मी बाजेवरून उठून जाऊ शकत नव्हते. "बा, जेवून जाय," एवढंच तिथून म्हटलं.

आत्याबाई पदर ओला, पाय चिखलाचे अशाच आत आल्या. त्यांनी हात धुतले, ओट्यावर पत्रावळ मांडली, भात वाढला, आणि चुलीवरच्या गंजातून मागुराचा रस्सा. माझ्या रांजणातल्या मागुरांचा, मिरे आणि लसूण घातलेला. कोणीतरी कुरकुरलं की देव आला त्या दिवशी घरात मासोळी कशी चालते. आत्याबाई मागे न बघता म्हणाल्या, "देव काई आपल्या गंजात डोकावत नाई." मग बापासमोर पाणी ठेवलं आणि खाली बसल्या. व्याह्यासमोर बाई अशी बसत नसे तेव्हा.

"इवाई," त्या म्हणाल्या, "तुमी या घरून उपाशी नाई जाचं. लेक तिकून पाहून राह्यली. बसा."

आवाजात काय होतं कोण जाणे. ते जेवणाचं आमंत्रण नव्हतं, विनवणी होती. बापाने डबा खाली ठेवला. पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्या घरचं पाणी प्यायला. घटाघटा, सगळा तांब्या. मग भात कालवला.

तो मागूर खात होता. चिखल म्हणून ज्याला हयातभर हिणवलं तो मागूर. पहिला घास जरा थांबून, मग भराभर. आत्याबाईंनी पुन्हा वाढलं, त्याने नाही म्हटलं नाही. सासरे पडवीत टपून बसलेच होते. "काय इवाई, कसा हाय आमचा चिखल?"

बापाने बोटं चाटली. म्हणाला, "चिखल गोड हाय तुमचा."

मी बाळाला छातीशी धरून रडले. आनंदानेच रडले. इतकी वर्षं ज्या दृश्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते माझ्या दारातून दिसत होतं: माझा बाप, पत्रावळ, आणि त्याच्या मिशीला लागलेला ताज्या भाताचा कण.

गोष्ट इथंच संपली असती. पण चैतात बोडी आटली.

मागूर काढायला सगळं घर बोडीत उतरलं होतं. मी बाळाला पळसाच्या सावलीत झोळीत टाकून काठावर बसले होते. चिखलात हात घालून घालून लोक मागूर बाहेर फेकत होते. एवढ्यात सासऱ्यांच्या हाताला काहीतरी लांब लागलं, आणि त्यांनी ते ओढून फेकलं तसं ते काठावर येऊन माझ्या पायापाशी पडलं. जाड झालेली, चांगली पोसलेली वाम.

बोडीत उतरलेला एक जाणता माणूस म्हणाला, "हे त वाम हाय. इथी कशी आली? आपल्या बोडीत कधी नोयती."

सासरे वामेकडे पाहत राहिले. मग आत्याबाईंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू केळीचं बूड, हळद-कुंकू, दुधाची वाटी असं सगळं उमटत गेलं. गावासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. "मंग नागोबा कुठी गेला?" एवढंच त्यांनी विचारलं.

"नागोबा गेला आपल्या घरी," आत्याबाई म्हणाल्या. "हे वाम हाय." आणि त्यांनी मला हाक मारली, "राख आन वं."

मी घरून राख आणली. आत्याबाईंनी हाताला राख चोळली, वामेच्या मानेमागे मधलं बोट वर आणि दोन बोटं खाली अशी चिमटीत धरली, आणि ती हलली नाही. दगडावर आपटून मारली. राखेनेच अंगाचा बुळबुळीतपणा निपटून काढला, पाठीवरची काट्यांची ओळ शेपटीकडून डोक्याकडे सोलून घेतली. शेपटीकडून. उलटं केलं तर काटे हातात जातात, हे मला बापाने शिकवलं होतं. मी पाहत राहिले. ज्या घरात वाम कधी आली नाही त्या घरातली बाई माझ्याहून सफाईने वाम सोलत होती. आणि मला बारशाच्या दिवशीची ती मूठभर राख आठवली.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमाले ठाऊक होतं."

त्या हात धूत होत्या. वर पाहिलं नाही. "माह्या माहेरी दारात नदी हाय," म्हणाल्या. "मले वाम नाई समजन?"

मग हळूहळू बोलल्या. थांबून थांबून, दुसऱ्याचं सांगितल्यासारखं. "माह्या पयल्याच्या बारशाले माह्या बानं आनली होती. अशीच, मडक्यात. सासऱ्यानं इथीच आंगनात ठेचली. लोकं हासले. बा काई बोलला नाई. मडकं उचललं अन गेला. मी मांगून धावली त म्हने, 'जाय पोरी, लेकरू रडून राह्यलं.' पानी बी नाई पेला. मंग त्याचं येनंच नाई झालं. त्याच पावसाळ्यात गेला."

इतके दिवस मी त्यांना भोळ्या समजत होते, देवभोळ्या. मनातल्या मनात हसलेही होते.

"आज तू कर," त्या म्हणाल्या. "तुह्या बापाले करते तशी."

मी केली. चिंच, लाल मिरची, भाजलेले तीळ. भाकरी मात्र तांदळाच्या, कारण ज्वारी घरात नव्हती. सासऱ्यांनी नाक मुरडलं आणि ओट्यावर जाऊन मागूर खाल्ला. आम्ही दोघीच चुलीपाशी बसलो. आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. किती वर्षांनी खात होत्या ते मी विचारलं नाही. नुसत्या खात राहिल्या, काटा न् काटा चोखून. मध्येच म्हणाल्या, "इवाईले सांग, पुढल्या खेपेले दोन घेऊन याच्या." मी हसले.

मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या पानाच्या कडेला मधला, सगळ्यात चांगला तुकडा तसाच राहिला होता. भाकरी संपली तरी त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

"हा काऊन ठेवला?" मी विचारलं.

"बाचा हाय," त्या म्हणाल्या.

मग तो तुकडा उचलला आणि माझ्या पानात टाकला.

"खा," म्हणाल्या. "लेकीनं खाल्लं का बापाले पोचते."